शून्य, रिक्त आणि अनुपलब्ध : रुग्णनोंदी व साठानोंदींच्या ॲरेमधील घटकशः तपासणी

प्रास्ताविक

चिकित्सालयातील केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल आणि औषधालयाची साठानोंदवही या तिन्हींची जागा आता बव्हंशी संगणकाने घेतली आहे. वर्षभराच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढणे, एखाद्या कल्पाचा गुण संख्येने मांडणे, संपत आलेल्या औषधांची यादी मिळवणे ही कामे क्षणात होतात. परंतु संगणकाने दिलेले उत्तर ज्या नोंदींवर उभे असते त्यांतील किती जागा मुळात रिकाम्या होत्या, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. रिकामी जागा तशीच राहिली तर निदान दिसते तरी. ती शून्याच्या रूपाने हिशेबात शिरली तर दिसतही नाही आणि निष्कर्ष मात्र बदलून टाकते.

प्रस्तुत लेखात नोंदींच्या प्रत्येक घटकाची रिक्तता कशी तपासावी, संगणकाच्या विविध प्रणाली रिक्त जागेशी कशा वागतात आणि सापडलेल्या रिक्ततेचे पुढे काय करावे याचा क्रमाने विचार केला आहे. संगणकशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या वैद्यांस व औषधालय-चालकांस तो उपयोगी पडावा, असा हेतू आहे.

न दिसणे म्हणजे नसणे नव्हे

हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात, विद्यमान वस्तूही प्रत्यक्ष का होत नाही याची आठ कारणे आचार्यांनी सांगितली आहेत : अतिसंनिकर्ष, अतिविप्रकर्ष, आवरण, करणदौर्बल्य, मनोनवस्थान, समानाभिहार, अभिभव आणि अतिसौक्ष्म्य. वस्तू अतिशय जवळ असेल, अतिशय दूर असेल, झाकलेली असेल, इंद्रिय दुर्बल असेल, मन ठिकाणावर नसेल, सारख्या वस्तूंत ती मिसळली असेल, दुसऱ्या प्रबळ वस्तूने तिला झाकोळले असेल किंवा ती अतिसूक्ष्म असेल, तर ती असूनही आढळत नाही. केवळ आढळली नाही एवढ्यावरून ती नाहीच, असे म्हणता येत नाही.

नोंदींच्या बाबतीत यांतील दोन कारणे विशेष महत्त्वाची आहेत. केसपेपर लिहिणाऱ्याचे लक्ष अन्यत्र असल्यामुळे राहून गेलेली नोंद हे मनोनवस्थानाचे उदाहरण होय. खऱ्या शून्यांच्या गर्दीत मिसळून गेलेले खोटे शून्य हे समानाभिहाराचे उदाहरण होय. पहिल्यामुळे रिक्तता निर्माण होते आणि दुसऱ्यामुळे ती दृष्टीआड होते. घटकशः तपासणीचे सर्व प्रयोजन या दुसऱ्या कारणाचा परिहार करणे हे आहे.

रिकाम्या जागेचे चार अर्थ

केसपेपरवर एखादा रकाना रिकामा दिसला तर त्याचे पुढीलपैकी कोणतेही कारण असू शकते.

१) परीक्षण झालेच नाही. उदाहरणार्थ, रुग्णाचे वजन केले नाही.

२) परीक्षण झाले, पण नोंद राहिली. रक्तदाब मोजला, रुग्णास तोंडी सांगितला, कागदावर आला नाही.

३) तो रकाना त्या रुग्णास लागूच नाही. पुरुष रुग्णाच्या केसपेपरवरील मासिक पाळीचा रकाना या प्रकारात मोडतो.

४) परीक्षण झाले आणि काहीही आढळले नाही. मूत्रपरीक्षणाच्या अहवालात शर्करेपुढे ‘निल’ लिहिलेले असते, ते या अर्थाने.

यांपैकी चौथा प्रकार रिक्तता नव्हेच. तो संपूर्ण आणि मोलाचा निष्कर्ष आहे. नोंद करणाऱ्याने ‘निल’ लिहिण्याऐवजी रकाना मोकळा सोडला, तर हा निष्कर्ष पहिल्या दोन प्रकारांत कायमचा मिसळून जातो. उलटपक्षी, पहिल्या प्रकारच्या ठिकाणी कोणी शून्य लिहिले तर न झालेले परीक्षण ‘झाले व निर्दोष आले’ असे भासते. कागदावर वैद्य आपल्या स्मृतीने हा भेद सावरून घेतो. संगणकाला स्मृती दिली तेवढीच असते.

ॲरे आणि घटकशः तपासणी

एकाच प्रकारची मूल्ये क्रमाने ठेवली की त्या रचनेस संगणकाच्या भाषेत ॲरे म्हणतात. औषधालयातील कपाटाचे कप्पे डोळ्यांपुढे आणावेत. एकाखाली एक कप्प्यांची एकच रांग हा साधा ॲरे. अशा अनेक रांगा शेजारी शेजारी मांडल्या की द्विमितीय ॲरे होतो. योगरत्नाकरोक्त अष्टविध परीक्षेच्या नोंदी शंभर रुग्णांसाठी ठेवल्या, तर शंभर ओळी आणि आठ रकाने मिळून आठशे कप्पे होतात. प्रत्येक कप्पा हा एक घटक.

घटकशः तपासणी म्हणजे प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे उघडून ‘येथे मूल्य आहे की नाही’ एवढाच प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर त्याच क्रमाच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवणे. मूळ ॲरे जेवढ्या आकाराचा, तेवढ्याच आकाराचा सत्य-असत्याचा दुसरा ॲरे तयार होतो. सोयीसाठी त्यास आपण ‘रिक्ततापट’ म्हणू.

एक लहान उदाहरण घेऊ. सहा रुग्णांची उपाशीपोटीची रक्तशर्करा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये अशी आहे : ११२, रिक्त, १४८, ९६, रिक्त, १३१. याचा रिक्ततापट असा : असत्य, सत्य, असत्य, असत्य, सत्य, असत्य. संगणक सत्यास १ व असत्यास ० मानतो. म्हणून रिक्ततापटाची बेरीज केली की रिक्त घटकांची संख्या मिळते. येथे ती २ आहे.

आता सरासरी पाहू. चार मूल्यांची बेरीज ४८७. चारने भागल्यास १२१.७५. रिक्त जागी शून्य धरून सहाने भागल्यास सुमारे ८१.२. पहिला आकडा मधुमेहपूर्व अवस्थेकडे बोट दाखवतो आणि दुसरा आकडा पूर्णतः स्वाभाविक वाटतो. रुग्ण तेच, अहवाल तेच. फरक एवढाच की दोन रिकाम्या कप्प्यांत कोणीतरी शून्य ठेवले.

संपूर्ण ॲरेला एकच प्रश्न विचारून मात्र भागत नाही. ‘हा ॲरे रिक्त आहे काय?’ या प्रश्नाला अर्थ नाही, कारण काही घटक रिक्त असतात व काही भरलेले. पायथन भाषेतील नमपाय या संग्रहात असा प्रश्न सरळ विचारल्यास संगणक उत्तर नाकारतो व प्रश्न संदिग्ध असल्याची सूचना देतो. प्रथम घटकशः रिक्ततापट तयार करावा, नंतर ‘एक तरी घटक रिक्त आहे काय?’ किंवा ‘सर्वच घटक रिक्त आहेत काय?’ यांपैकी नेमका प्रश्न निवडावा. सारांश शेवटी, परीक्षण आधी, हा क्रम चिकित्सेतही आपण पाळतोच.

‘नॅन’ची विचित्र वागणूक

दशांश संख्यांच्या ॲरेमध्ये रिक्त जागा दाखवण्यासाठी बहुधा ‘नॅन’ ही खूण वापरली जाते. तिचा अर्थ ‘संख्या नव्हे’ असा आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आयईईई ७५४ या मानकाने संगणकातील दशांश गणिताचे नियम ठरवले, त्यांत या खुणेचे नियमही आले. मुळात ती शून्याला शून्याने भागण्यासारख्या निरर्थक क्रियेचे उत्तर दाखवण्यासाठी होती. पुढे अनेक प्रणालींनी तीच रिक्त नोंदीसाठी स्वीकारली.

या खुणेचा एक गुण नवशिक्यास चकित करतो. नॅन कशाच्याही बरोबरीचा नाही, अगदी स्वतःच्याही नाही. म्हणून ‘हा घटक नॅनइतका आहे काय?’ असे विचारल्यास उत्तर नेहमी ‘असत्य’ येते आणि शंभर रिक्त जागा असल्या तरी एकही सापडत नाही. विचार केल्यास यात तर्क आहे. दोन रुग्णांची वजने लिहिलेली नाहीत, एवढ्यावरून त्या दोघांचे वजन समान आहे असे कोण म्हणेल? अज्ञात आणि अज्ञात यांची बरोबरी ठरवता येत नाही.

यास्तव तुलनेचे चिन्ह न वापरता त्यासाठीच केलेली तपासणी वापरावी लागते. नमपायमध्ये ती ‘इजनॅन’ या नावाने आहे. ती संपूर्ण ॲरे घेते आणि त्याच आकाराचा रिक्ततापट देते. मात्र ती संख्यांपुरतीच चालते. ज्या ॲरेमध्ये संख्या व अक्षरे यांची सरमिसळ आहे, तेथे ती त्रुटी दाखवून थांबते. अशा मिश्र नोंदींसाठी पायथनमधीलच पांडाज या संग्रहातील ‘इजना’ ही तपासणी योग्य ठरते. ती नॅन, पायथनची ‘नन’ ही रिक्ततेची खूण आणि रिक्त दिनांक या तिन्हींना ओळखते. परंतु काहीही अक्षर नसलेला मजकूर मात्र ती रिक्त मानत नाही, हे लक्षात ठेवावे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

आणखी एक सापळा पायथनच्या साध्या ‘जर’ वाक्यात आहे. ‘जर मूल्य असेल तर पुढे जा’ असे लिहिले की ती भाषा शून्य, रिकामा मजकूर आणि नन या तिघांनाही ‘नाही’ समजते. म्हणजे ज्या रुग्णाची वेदना खरोखर शून्यावर आली, त्याची नोंदही न केलेल्या नोंदीबरोबर बाजूला पडते. उलट नॅन मात्र त्याच वाक्यात ‘आहे’ ठरतो.

एकच रिक्त जागा, निरनिराळ्या प्रणाली

रिक्त घटक असलेल्या ॲरेची सरासरी मागितली तर नमपाय उत्तरही नॅन देते. एक घटक अज्ञात, म्हणून सरासरी अज्ञात. संख्याशास्त्रासाठी वापरली जाणारी ‘आर’ ही भाषाही असेच वागते. रिक्त घटक वगळावेत असे स्पष्ट सांगितल्याशिवाय ती सरासरीचा आकडा देत नाही. पांडाज मात्र रिक्त घटक न सांगता वगळते आणि उरलेल्यांची सरासरी देते. पहिली पद्धत अडवते म्हणून त्रासदायक वाटते, दुसरी सोयीची वाटते. तथापि अडवणारी पद्धत निदान प्रश्न विचारायला लावते. पांडाजमध्ये काम करणाऱ्याने प्रत्येक सरासरीबरोबर ती किती घटकांची आहे, हा आकडाही काढावा.

बहुसंख्य चिकित्सालयांत एक्सेल वापरले जाते. तेथील वागणूक वेगळीच आहे. सरासरीचे सूत्र रिकाम्या सेल वगळते, येथपर्यंत ठीक. पण रिकाम्या सेलची शून्याशी तुलना केली तर एक्सेल दोन्ही समान असल्याचे सांगते. शिवाय एका पानावरील रिकाम्या सेलचा संदर्भ दुसऱ्या पानावर घेतला, तर तेथे ० उमटतो. महिन्याच्या पानांवरून वार्षिक पान तयार करताना रिकाम्या नोंदी अशा रीतीने शून्य होतात आणि मग सरासरीत धरल्या जातात.

एक्सेलमध्ये घटकशः तपासणीसाठी ‘इजब्लँक’ हे सूत्र शेजारच्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे भरावे. सेलमध्ये चुकून एखादी मोकळी जागा टंकली गेली असेल तर हे सूत्र तिला रिक्त मानत नाही. त्यासाठी ‘ट्रिम’ने अनावश्यक जागा काढून उरलेल्या मजकुराची लांबी ‘लेन’ने मोजावी. लांबी शून्य आली तर ती सेल रिक्त समजावी.

पिमा नोंदसंचाचा धडा

हे सर्व केवळ तात्त्विक आहे असे कोणास वाटू नये, म्हणून एक प्रसिद्ध उदाहरण देतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरालगतच्या पिमा या मूलनिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आढळले. तेथील मधुमेह, पचनविकार व वृक्कविकार विषयक राष्ट्रीय संस्थेने गोळा केलेल्या माहितीतून किमान २१ वर्षे वयाच्या ७६८ स्त्रियांच्या नोंदींचा एक संच तयार झाला. मधुमेहाचे पूर्वानुमान करण्यासाठी तो १९८८ साली एका अभ्यासात वापरला गेला. त्यानंतर जगभरच्या विद्यार्थ्यांनी संगणकीय पूर्वानुमान शिकण्यासाठी तो हाताळला आहे.

या संचात रिक्त जागेची खूण कोठेही नाही. वरवर पाहता ७६८ ओळी पूर्ण भरलेल्या आहेत. इजनॅनसारखी तपासणी केली तर एकही रिक्त घटक सापडत नाही. परंतु प्रत्येक रकान्यातील शून्ये मोजली की वेगळेच चित्र दिसते. ग्लुकोजच्या रकान्यात ५, रक्तदाबाच्या रकान्यात ३५, शरीरभार निर्देशांकाच्या रकान्यात ११, दंडाच्या मागील त्वचेच्या घडीच्या जाडीच्या रकान्यात २२७ आणि इन्सुलिनच्या रकान्यात तब्बल ३७४ शून्ये आहेत. जिवंत व्यक्तीचा रक्तदाब शून्य नसतो, शरीरभार निर्देशांकही शून्य नसतो. ही सर्व शून्ये न झालेल्या किंवा न नोंदलेल्या परीक्षणांची आहेत.

परिणाम काय होतो ते पाहावे. शून्ये तशीच धरली तर इन्सुलिनची सरासरी ७९.८ येते. ती वगळून उरलेल्या ३९४ स्त्रियांची काढली तर १५५.५ येते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्वचेच्या घडीची सरासरी २०.५ मिलिमीटरवरून २९.२ मिलिमीटरवर जाते. ग्लुकोजमध्ये मात्र पाचच शून्ये असल्याने सरासरी १२०.९ वरून १२१.७ एवढीच सरकते. खोट्या शून्यांची हानी त्यांच्या संख्येवर अवलंबून असते आणि ती संख्या मोजल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. याच संचात गर्भधारणांच्या संख्येचा रकाना आहे व त्यात १११ शून्ये आहेत. ती सर्वार्थाने संभाव्य आहेत, कारण गर्भधारणा न झालेली स्त्री असू शकते. तेव्हा ‘सर्व शून्ये रिक्त समजा’ अशी सरसकट आज्ञा दिल्यास इन्सुलिनचा रकाना सुधारेल, पण गर्भधारणांचा बिघडेल. घटकाची तपासणी संगणक करतो. कोणत्या रकान्यात शून्य शक्य आहे आणि कोणत्यात नाही, हे मात्र शरीर जाणणाऱ्यानेच सांगावे लागते. येथे वैद्याचे ज्ञान संगणकतज्ज्ञाच्या ज्ञानापेक्षा अधिक कामाचे ठरते.

उपचारपूर्व व उपचारोत्तर नोंदी

आपल्या क्षेत्रात बहुतेक लहान अभ्यास उपचारापूर्वी व उपचारानंतर लक्षणांची तुलना करणारे असतात. तेथे खोटे शून्य विशेष घातक आहे, कारण वेदनेच्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे पूर्ण उपशम.

संधिवाताच्या दहा रुग्णांचे काल्पनिक उदाहरण घेऊ. वेदना ० ते १० या मापावर मोजली. उपचारापूर्वीच्या नोंदी : ७, ८, ६, ७, ७, ६, ८, ७, ८, ६. सरासरी ७. महिन्यानंतर सात रुग्ण आले, तीन आले नाहीत. नंतरच्या नोंदी : ४, ५, ३, रिक्त, ४, ५, रिक्त, ६, ४, रिक्त.

पहिली पद्धत : रिक्त जागी शून्य पडले. नंतरची सरासरी ३.१, म्हणजे वेदनेत ३.९ ची घट. शिवाय ‘३० टक्के रुग्णांत पूर्ण उपशम’ असे विधानही तयार होते. ते तीन रुग्ण प्रत्यक्षात परत आलेच नव्हते.

दुसरी पद्धत : आलेल्या सातांचीच तुलना केली. त्यांची पूर्वीची सरासरी ७, नंतरची ४.४३. घट सुमारे २.६.

तिसरी पद्धत : न आलेल्या तिघांना काहीच गुण आला नाही असे धरले. नंतरची सरासरी ५.२, घट १.८.

एकाच उपचाराचे तीन निष्कर्ष झाले. पहिला सरळ असत्य आहे. दुसरा प्रामाणिक आहे, पण न आलेले रुग्ण आलेल्यांसारखेच होते असे तो गृहीत धरतो. गुण न आल्यामुळेच ते दुसऱ्या वैद्याकडे गेले असतील, तर हे गृहीत चुकते. तिसरा सावधगिरीचा आहे. अभ्यासलेखात दुसरा व तिसरा हे दोन्ही आकडे द्यावेत आणि दहांपैकी तीन रुग्ण का आले नाहीत हेही लिहावे. १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या कॉन्सॉर्ट या मार्गदर्शक तत्त्वांनीही चिकित्सा-चाचणीतून गळालेल्या रुग्णांचा हिशेब देण्याचा आग्रह धरला आहे. आयुर्वेदीय अभ्यासांकडे संशयाने पाहणाऱ्यास उत्तर द्यावयाचे असेल तर ते मोठ्या आकड्यांनी देता येणार नाही. तपासून पाहता येईल अशा आकड्यांनीच ते द्यावे लागेल.

औषधालयातील साठा

औषधालय-चालकांस वरील विवेचन दूरचे वाटेल, परंतु साठ्याच्या यादीत हाच दोष रोज नुकसान करू शकतो. पाच औषधांचा साठा समजा असा आहे : त्रिफळा चूर्ण ४०, अविपत्तिकर चूर्ण ६, दशमूलारिष्ट रिक्त, महायोगराज गुग्गुळ ०, च्यवनप्राश २२. नियम असा की दहापेक्षा कमी नग असतील तर मागणी नोंदवावी.

नॅनची कोणत्याही संख्येशी लहान-मोठेपणाची तुलना केली तर उत्तर ‘असत्य’च येते. त्यामुळे ‘दहापेक्षा कमी’ या यादीत अविपत्तिकर व महायोगराज येतात. ‘दहा किंवा अधिक’ या यादीत त्रिफळा व च्यवनप्राश येतात. दशमूलारिष्ट दोन्ही याद्यांत नाही. दुकानाच्या माहितीसंचात वापरल्या जाणाऱ्या एसक्यूएल या भाषेतही असेच होते. तेथे रिक्त घटकास ‘नल’ म्हणतात, त्याच्याशी केलेल्या तुलनेचे उत्तर ‘अज्ञात’ येते आणि निवड करताना अशी ओळ गळते. तेथेही बरोबरीचे चिन्ह चालत नाही, ‘इज नल’ असेच विचारावे लागते. एक्सेल मात्र रिकाम्या सेलला शून्य मानून दशमूलारिष्टाचे नाव मागणीच्या यादीत घालते, मग मांडणीवर पन्नास बाटल्या असल्या तरीही.

यावर एक साधा उपाय आहे. दोन्ही याद्यांतील नावांची बेरीज एकूण औषधांच्या संख्येशी जुळवून पाहावी. वरील उदाहरणात दोन अधिक दोन चार होतात, औषधे पाच आहेत. जेवढा फरक, तेवढे घटक रिक्त.

बेरजेच्या बाबतीत आणखी एक सूचना. २०१७ च्या अखेरीपासूनच्या पांडाजमध्ये ज्या रकान्यातील सर्वच घटक रिक्त आहेत त्याची बेरीज शून्य येते. एखाद्या शाखेने महिनाभर विक्रीची माहितीच पाठवली नाही, तर तिची विक्री शून्य झाली असे अहवालात दिसेल. ‘विक्री झाली नाही’ आणि ‘विक्री कळवली नाही’ यांतील भेद मालकाने जाणलाच पाहिजे.

तपासणीचा क्रम

१) प्रत्येक रकान्यासाठी आधी लिहून ठेवावे : येथे शून्य संभवते काय? किमान व कमाल शक्य मूल्ये कोणती? हा रकाना कोणास लागू नाही?

२) नोंदी संगणकात घेताना कोणत्या खुणा रिक्त मानल्या जातात हे पाहावे. पांडाज ‘एनए’ किंवा ‘नल’ अशी काही रोमन अक्षरे आपोआप रिक्त धरते. आडवी रेघ, ‘निरंक’ किंवा ९९९ असे आकडे ती रिक्त धरत नाही. आपल्या नोंदींत असे संकेत असतील तर त्यांचा अर्थ स्पष्टपणे सांगावा.

३) ज्या रकान्यांत शून्य अशक्य आहे, केवळ त्याच रकान्यांतील शून्ये रिक्ततेच्या खुणेत बदलावीत. मूळ नोंदींची प्रत वेगळी जपून ठेवावी.

४) आता घटकशः तपासणी करून रिक्ततापट तयार करावा.

५) रिक्ततापटाची उभी बेरीज करावी. त्यातून कोणता रकाना सर्वाधिक दुर्लक्षिला जातो हे कळते.

६) आडवी बेरीज करावी. त्यातून कोणत्या रुग्णांच्या किंवा औषधांच्या नोंदी अपुऱ्या आहेत हे कळते.

७) त्यानंतरच सरासरी, टक्केवारी व तुलना यांकडे वळावे आणि प्रत्येक आकड्याबरोबर घटकसंख्या लिहावी.

रिक्तता सापडल्यानंतर

पहिला उपाय म्हणजे मूळ केसपेपर काढून पाहणे. यासारखा दुसरा उपाय नाही. ते शक्य नसेल तर जागा रिक्तच ठेवून तिची संख्या जाहीर करावी.

एक जरी घटक रिक्त असला तरी ती संपूर्ण ओळ काढून टाकण्याची पद्धत सोपी आहे, पण महाग पडते. पिमा संचात वरील पाच रकान्यांसाठी तसे केल्यास ७६८ पैकी ३९२ स्त्रियाच उरतात. रिक्त जागी सरासरी भरण्याची पद्धतही रूढ आहे. तिने सरासरी बिघडत नाही, परंतु रुग्णारुग्णांतील स्वाभाविक भेद कृत्रिमरीत्या कमी दिसतो आणि निष्कर्ष असावा त्यापेक्षा अधिक खात्रीचा वाटू लागतो. प्रकृतिभेद मानणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकाने याचा विशेष विचार करावा.

रिक्तता कोठून आली यावर उपाय ठरतो, हे संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली व्यवस्थितपणे मांडले. नोंद केवळ योगायोगाने राहिली, की रुग्णाच्या ज्ञात अवस्थेमुळे राहिली, की जे मूल्य लिहावयाचे होते त्याच्यामुळेच राहिली, असे तीन प्रकार आहेत. वजनकाटा नादुरुस्त होता म्हणून वजन राहिले, हा पहिला. वृद्ध रुग्णांस काट्यावर उभे राहणे कठीण म्हणून राहिले, हा दुसरा. वजन वाढल्याच्या संकोचाने रुग्णाने काट्यावर उभे राहण्यास नकार दिला, हा तिसरा व सर्वांत अवघड. हेतुज्ञानाशिवाय चिकित्सा नाही, हे सूत्र येथेही लागू पडते.

समारोप

संगणकाच्या प्रणाली बदलत राहतील. आज पांडाज आहे, उद्या दुसरे काही येईल. तथापि कप्पा रिकामा असल्याचे प्रत्येक कप्पा उघडूनच कळते आणि त्या रिकामेपणाचा अर्थ नोंद करणाऱ्यालाच ठाऊक असतो, या दोन गोष्टी कायम राहतील. म्हणून उपाय संगणकापासून सुरू होत नाही, तो केसपेपरपासून सुरू होतो. परीक्षण केले व काही आढळले नाही तर ‘निल’ लिहावे, परीक्षण केले नाही तर ‘केले नाही’ लिहावे, लागू नसेल तर ‘लागू नाही’ लिहावे. कोणताही रकाना मोकळा सोडू नये आणि मोकळा राहिलाच तर त्यात नंतर शून्य भरू नये. वैद्य व औषधालय-चालक यांनी आपल्या साहाय्यकांस एवढी शिस्त लावली तर पुढील घटकशः तपासणी काही क्षणांचे काम उरेल आणि आपल्या नोंदींवरून काढलेले निष्कर्ष इतरांच्या परीक्षेस उतरतील.